खापरपणजीचे माहेर

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर राजे, लढाया आणि तह उभे राहतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तर इतिहास म्हणजे शाळेत सुटलेला विषय वाटतो. मलाही तसेच वाटत होते. परंतु गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत एका साध्या प्रश्नामुळे मी या विषयात पडले. तो प्रश्न असा : माझ्या खापरपणजीचे माहेर कोणते?

आमचे घराणे मूळचे गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या मुळगावचे. गावची देवी केळबाई. शिरगावच्या लईराईची ती बहीण, असे तिकडे मानतात. बेळगावात येऊन आम्हांला शंभर वर्षे झाली, तरी वर्षातून एकदा चोर्ला घाट उतरून देवीची ओटी भरायला जाण्याचा परिपाठ घरात आहे. ओटी भरून झाली की आजोबा आम्हांला गावातील एका जोत्यापाशी नेतात. चार दगड, एक मोडके तुळशीवृंदावन आणि मागे पोफळी. "हे आपले घर. म्हातारीने विकले," एवढेच ते म्हणतात आणि मागे वळतात.

ही म्हातारी म्हणजे आजोबांची आजी, माझी खापरपणजी. ऐन पंचविशीत विधवा झाली, दोन पोरे घेऊन बेळगावला आली आणि आजोबांच्या जन्माच्या आधीच वारली. तिच्याविषयी घरात माहीत असलेल्या गोष्टी दोनच. एक, तिचे सासरचे नाव. आणि दुसरी, तिने घर विकले ही.

नाव तीन पिढ्यांचे

सासरचे नाव तरी कसे राहिले? तर श्राद्धामुळे. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावे घेतात. आजोबा श्राद्धाला बसतात तेव्हा ती 'पितामही' म्हणून येते. उद्या बाबा बसतील तेव्हा 'प्रपितामही' म्हणून येईल. माझा भाऊ बसेल तेव्हा मात्र तिचे नाव यादीतून गळेल. म्हणजे आमच्या धर्मविधीने एका बाईचे नाव तीन पिढ्या सांभाळले, पण तेही लग्नात मिळालेले नाव. जन्माचे नाव, आईबापांचे नाव, माहेरचे गाव, यांपैकी काहीच नाही.

हा प्रकार आमच्याच घरचा नाही. आपल्याकडे घराण्यांची कुलवृत्तांते छापण्याची चांगली परंपरा आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तर पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद सापडते. पण कुलवृत्तांतातील वंशवृक्ष पाहिला तर तो बहुधा पुरुषांचाच असतो. मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा असे झाड वाढत जाते आणि बायका कंसात बसतात. बाईची नोंद माहेरच्या झाडावर नाही आणि सासरच्या झाडावर पाहुण्यासारखी, असा हा हिशेब आहे. दोन्ही खात्यांना न चढलेली रक्कमच ती!

विधवा झाली म्हणून सापडली

मी शोध सुरू केला तेव्हा माझी समजूत अशी होती की, शंभर वर्षांपूर्वीची अशिक्षित विधवा म्हणजे कागदोपत्री सर्वांत हरवलेले माणूस. प्रत्यक्षात अनुभव उलट आला. नवरा जिवंत असेपर्यंत ती कोणत्याही कागदात नव्हती. तो वारला आणि ती कागदावर आली.

याला कारण गोव्यातील कायदा. डिचोली व सत्तरी हे प्रदेश पोर्तुगीजांकडे १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये गेले. या भागाला 'नव्या काबिजादी' म्हणतात. येथील हिंदूंच्या चालीरीतींची एक संहिता सरकारने १८५३ साली केली. पुढे पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली आणि हिंदूंच्या चालीरीतींसाठी १८८० साली वेगळा हुकूमनामा निघाला. लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल, तर नवराबायकोची मालमत्ता दोघांच्या सामाईक मालकीची, हे त्या कायद्याचे तत्त्व. एक वारला की अर्धा हिस्सा जिवंत राहिलेल्याचा. उरलेला अर्धा मुलांचा, आणि त्यात मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा.

आता मुले अज्ञान असतील तर त्यांच्या वाट्याला कोणी हात लावू नये म्हणून कोर्टामार्फत सर्व मालमत्तेची यादी करावी लागे. या कामाला गोव्यात 'इन्व्हेंतार' म्हणतात. यादी सादर करण्याची जबाबदारी मागे राहिलेल्या जोडीदाराची. त्याला पोर्तुगीजमध्ये 'काबेसा द कझाल' म्हणजे दांपत्याचा प्रमुख असे नाव आहे. ज्या बाईला घरात नवऱ्यासमोर बोलण्याची चोरी होती, ती नवरा गेल्यावर कोर्टापुढे घरची प्रमुख म्हणून उभी राही आणि शपथेवर सांगे की घरात काय आहे, कोणाचे देणे आहे आणि वारस कोण आहेत.

चोर्ला घाटाच्या या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, गोष्ट अगदी वेगळी होती. एकत्र कुटुंबातील हिंदू विधवेला येथे फक्त पोटगीचा हक्क होता. १९३७ च्या कायद्याने तिला हयातीपुरता वाटा मिळाला आणि संपूर्ण मालकी मिळायला १९५६ साल उजाडावे लागले. घाट एक, पण दोन बाजूंना दोन कायदे. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यावरही तेथील दिवाणी कायदा चालू राहिला. त्यातील वारसाविषयक भागाची जागा आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्याने घेतली असून तो २०१६ पासून अमलात आहे.

हा अनुभव फक्त गोव्याचा आहे असेही नाही. अमेरिकेत १७९० साली पहिली शिरगणती झाली. तेव्हापासून १८४० पर्यंतच्या शिरगणत्यांत प्रत्येक घरातील फक्त कर्त्या माणसाचे नाव लिहीत. बाकीची माणसे म्हणजे नुसते आकडे. म्हणून त्या काळातील विवाहित बाई कागदावर दिसत नाही, पण विधवा होऊन घर चालवू लागली की तिचे नाव येते. पुढे स्वातंत्र्ययुद्धातील सैनिकांच्या विधवांना १८३६ च्या कायद्याने पेन्शन मिळू लागले तेव्हा लग्नाचा पुरावा मागितला गेला. कित्येक म्हाताऱ्यांनी घरच्या बायबलमधील जन्म-लग्नाच्या नोंदींची पाने फाडून अर्जासोबत पाठवली. ती पाने आजही तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांवरून त्यांचे वंशज आपल्या आज्या-पणज्या शोधतात. मुळगाव कोठे आणि अमेरिका कोठे, पण विधवेचा माग काढण्याची रीत दोन्हीकडे एकच!

शोधाची वाट

आता प्रत्यक्ष शोध कसा केला ते सांगते. कोणाला करावयाचा असल्यास उपयोग होईल.

पहिला कागद जन्मनोंदीचा. गोव्यात सर्वांसाठी सरकारी जन्म-मृत्यू-विवाहनोंदणी १९१४ पासून सुरू झाली. माझे पणजोबा १९१२ चे, म्हणून त्यांची नोंद नाही. येथेच मी आठ दिवस अडले. मग लक्षात आले की, त्यांची धाकटी बहीण १९१६ ची. भावाची नोंद नसली म्हणून काय झाले, आई तर एकच! बहिणीची नोंद सापडली. पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत आईबापांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावे असतात. त्या एका पानावर खापरपणजीच्या आईबापांची नावे प्रथमच दिसली.

दुसरी अडचण भाषेची आणि त्याहून अधिक स्पेलिंगची. कागद पोर्तुगीज भाषेत. आपली आडनावे त्यात ओळखू येत नाहीत. शेणवीचे 'सिनाई', प्रभूचे 'पोरोबो', कामतचे 'कामोतीं' होते. डिचोलीचे 'बिशोलीं' होते. डिचोलीतील पोर्तुगीज जाणणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी मला मोठी मदत केली. ते म्हणाले, "पोरी, डोळ्यांनी वाचू नको, मोठ्याने वाच. कानाला कळेल." तसे केल्यावर खरोखरच नावे आपली वाटू लागली.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा कागद इन्व्हेंतारचा. खापरपणजोबा १९१८ च्या अखेरीस तापाने वारले. त्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने एकट्या हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. ते भावांपासून विभक्त झालेले होते आणि मुले सहा व दोन वर्षांची, म्हणून १९१९ साली इन्व्हेंतार झाले. त्या दप्तरात दोन गोष्टी मिळाल्या.

एक म्हणजे कुटुंबमंडळाची यादी. अज्ञान मुलांचे हित पाहण्यासाठी कोर्ट पाच नातेवाइकांचे मंडळ नेमत असे, तीन बापाकडचे आणि दोन आईकडचे. या 'दोन आईकडचे' शब्दांनी माझे काम केले. तिचा चुलता आणि चुलतभाऊ, दोघेही डिचोलीत राहणारे. पोर्तुगीज कागदात माणूस राहतो कोठे आणि मूळचा कोठला, हे दोन्ही लिहितात. दोघेही मूळचे पेडणे तालुक्यातील पार्से गावचे. म्हणजे तिचे माहेर पार्से! जन्मनोंदीतील तिच्या बापाचे नाव आणि चुलत्याच्या नावापुढील आडनाव जुळले. दोन स्वतंत्र कागद एकच गोष्ट सांगतात तेव्हाच ती खरी धरावी, हा लेखापरीक्षणाचा नियम येथेही चालतो.

दुसरी गोष्ट तिचे नाव. तिच्या सासरच्या नावापुढे 'आलियाश' असा शब्द होता, म्हणजे 'उर्फ', आणि पुढे एका नदीचे नाव. तेच तिचे जन्माचे नाव. खाली तिची सही नाही. लिहिता येत नसल्यामुळे तिच्या विनंतीवरून दुसऱ्याने सही केली, असे लिहिले आहे. घरच्या वडील माणसांच्या इच्छेनुसार मी ते नाव येथे छापत नाही.

घर कोणी विकले?

इन्व्हेंतारची यादी वाचताना मला आमच्या पुस्तकातील ताळेबंद आठवला. डावीकडे देणे, उजवीकडे मालमत्ता. राहते घर, घरामागचे कुळागर, त्यातील माड आणि पोफळी मोजून, भाताचे एक शेत, तांब्याची हंडी, दोन घागरी, समई. तिने अंगावरचे दागिनेसुद्धा सांगितले होते. लपवले असते तर कोणाला कळले असते? आणि देण्याच्या बाजूला सावकाराचे कर्ज, नवऱ्याने केलेले.

वाटणी अशी झाली. कुळागराचा मोठा भाग आणि शेत तिच्या अर्ध्या हिश्श्यात, कर्जाच्या बोजासह. घर आणि कुळागराचा उरलेला तुकडा मुलांच्या हिश्श्यात, भावाबहिणीला सारखा.

येथून मी जमिनीच्या नोंदणीकडे वळले. त्या पद्धतीत प्रत्येक मिळकतीला क्रमांक असतो आणि तिची खरेदी-विक्री त्या क्रमांकाखाली चढत जाते. म्हणून एकदा क्रमांक मिळाला की साखळीच हाती येते. तिच्या हिश्श्याचे शेत आणि कुळागर तिने १९२१ मध्ये विकले. त्यात सावकाराचे देणे फिटल्याची नोंद आहे. त्याच वर्षी ती मुलांना घेऊन बेळगावला भावाकडे आली. तो येथे एका पेढीवर कारकून होता.

आणि घर? घर १९३८ मध्ये विकले गेले. खापरपणजी १९३७ मध्ये बेळगावात वारली होती. विकणारे दोघे : माझे पणजोबा आणि त्यांची बहीण. सोबत पणजोबांची पत्नी व बहिणीचे यजमान यांची संमती.

मी ते पान दोनदा वाचले, मग मोठ्यानेही वाचले. ज्या घरासाठी आमच्या घरात तिला शंभर वर्षे बोल लागला, ते तिने विकलेच नव्हते. तिने स्वतःचा हिस्सा विकून नवऱ्याचे कर्ज फेडले आणि मुलांच्या हिश्श्याला मरेपर्यंत हात लागू दिला नाही.

राहिला एक प्रश्न : घराच्या पैशांचे काय झाले? याचे उत्तर आमच्याच दुकानात, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होते. आमचे दुकान १९३८ च्या दिवाळी पाडव्याला सुरू झाले, हे फळीवर रंगवलेलेच आहे. पेटीत पहिल्या वर्षाची रोजकीर्द आणि खतावणी आहे, मोडी लिपीत. मोडी वाचणाऱ्या एका गुरुजींनी पहिले पान वाचून दाखवले. पणजोबांच्या भांडवल खाती तीनशे पंचवीस रुपये जमा. त्याखाली बहिणीच्या नावे अनामत तीनशे पंचवीस. आणि मुळगावच्या घराचे खरेदीखत होते सहाशे पन्नास रुपयांचे! गोव्याचा रुपया आणि इंग्रजी रुपया त्या काळी सारख्याच किमतीचे, म्हणून बेरीज रुपयाला रुपया जुळली. पुढची पाने चाळली तेव्हा बहिणीची अनामत १९४६ पर्यंत हप्त्याहप्त्याने परत गेलेली दिसली. पणजोबांनी बहिणीचे देणे ठेवले नाही, हेही लिहिले पाहिजे.

"माझ्या वडिलांनी शून्यातून दुकान उभे केले," असे आजोबा नेहमी सांगतात. मी आकडेमोड शिकणारी मुलगी. शून्यातून काही उभे राहत नाही, जमेच्या बाजूला कोणीतरी काहीतरी ठेवलेले असते. आमच्या दुकानाच्या जमेला ठेवले होते ते एका विधवेने सतरा वर्षे न मोडलेले घर.

मुत्तज्जीचे नाव

पणजोबांची ती बहीण लग्न होऊन धारवाडला गेली. तिचा वंश आता हुबळीत आहे आणि ती मंडळी घरात कन्नडच बोलतात. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागात लिहिणाऱ्या मैत्रिणी माझ्या कन्नडला हसतात, पण त्या दिवशी तेच कामी आले. मी हुबळीला गेले आणि त्यांच्या अज्जीला विचारले. त्या त्या बहिणीच्या धाकट्या कन्या. मी खापरपणजीचे नदीचे नाव उच्चारले तशा त्या हसल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "अगं, ते तर माझेच नाव! आईने तिच्या आईचे ठेवले."

आमच्या घराने जे नाव हरवले, ते मुलीच्या मुलीने कन्नड मुलखात नेऊन जपले होते. मी कागदांमागे गोव्यात दोन सुट्या घालवल्या आणि नाव जिवंत माणसाच्या रूपाने हुबळीत बसले होते. म्हणून शोध करणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, मुलींच्या घरी आधी जा. वंशवृक्षात त्यांची फांदी काढलेली नसते, पण आईच्या आठवणी बहुधा तिकडेच गेलेल्या असतात.

परत आल्यावर सर्व कागद मी आजोबांसमोर ठेवले. त्यांनी चष्मा लावून खतावणीतील ओळ पाहिली, खरेदीखताची तारीख पाहिली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णांनी ती विकले असे कधी म्हटले नाही. गावचे चुलत म्हणत. पण अण्णांनी ते कधी खोडूनही काढले नाही." त्यात राग नव्हता. एवढ्या वर्षांनी जमाखर्च जुळवताना चूक सापडावी, तसा तो आवाज होता.

या वर्षी आम्ही ओटी भरायला मुळगावला गेलो. जोत्यापाशी आजोबा थांबले. "हे आपले घर," म्हणाले. पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. नंतर त्यांनी बाबांना गाडी पार्शाला न्यायला सांगितली. तिच्या माहेरी आमच्या घरचे कोणी शंभर वर्षांत गेले नव्हते. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. आम्ही देवळात नारळ ठेवला आणि परत फिरलो.

वाचकहो, सर्वांनाच गोव्यात जाऊन पोर्तुगीज कागद वाचणे जमणार नाही. त्याची गरजही नाही. ज्यांची आजी हयात आहे त्यांनी आज घरी गेल्यावर तिला तीनच प्रश्न विचारावेत : तुझे लग्नाआधीचे नाव काय? तुझ्या आईचे माहेर कोणते? तुझ्या मामांची नावे काय? उत्तरे वहीत लिहून त्याखाली तारीख घालावी. पाच मिनिटांचे काम आहे. मला त्याला दोन सुट्या लागल्या, कारण आमच्या घरात ते वेळेवर कोणी विचारले नाही.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आता आईकडून आई अशी पाच नावे आहेत आणि बापाकडची पाच. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आहे. ताळेबंद जुळला म्हणायला हरकत नाही.